बीएमडब्ल्यू ई४६ ३३० सीआय: वळणात पुढून बाहेर जाते, मागून वळवळते. आधी काय बदलू?

इसारकाठ

नमस्कार मंडळी.

गाडी २००२ ची ३३० सीआय कूपे (थ्री सिरीजची ई४६ पिढी), पाच गिअरची मॅन्युअल. एम५४ इंजिन, २९७९ सीसी, २३१ अश्वशक्ती. चाललेली १,८५,००० किमी. कारखान्यातून आलेलं एम स्पोर्ट सस्पेन्शन अजून तसंच आहे, शॉकअप एकदाही बदललेले नाहीत. चाकं स्टाइल ६८ ची: पुढे साडेसात इंची रिमवर २२५/४५ आर १७, मागे साडेआठ इंचीवर २४५/४० आर १७. गाडी म्युनिकमध्ये असते, त्यामुळे हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ आणि दर दोन वर्षांची ट्यूफ तपासणी दोन्ही लक्षात घ्यावं लागतं.

तक्रारी अशा. ऑटोबानवरून बाहेर पडताना लांब गोल रॅम्प असतो, तिथे वेग जरा वाढवला की तोंड बाहेर जातं. स्टिअरिंग आणखी वळवलं तरी काही फरक नाही, नुसते टायर ओरडतात. त्याच वळणात अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचा भाग आडवा सरकतो आणि परत जागेवर येतो. घसरणं वेगळं, हे तसं नाही. मागची चाकंच स्वतःहून थोडी वळल्यासारखी वाटतात. शिवाय १२० वरून ब्रेक लावला की ११० ते ९० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं. डिस्क आणि पॅड नवे आहेत. मागचे टायर आतल्या कडेला खाल्लेत.

वापर रविवारचा, आल्प्सच्या पायथ्याच्या रस्त्यांवर, आणि वर्षाला दोन-तीन ट्रॅक डे. सुट्या भागांसाठी साधारण २,००० युरो बाजूला ठेवलेत, बरंच काम स्वतः करणार. कॉइलओव्हर किट (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) आधी घ्यावं की जाड अँटी-रोल बार (गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा)?

सरळसहा

आत्ता दोन्ही नको. तुमच्या तक्रारींपैकी दोन रबराच्या आहेत, स्प्रिंगच्या नाहीत. फाटक्या बुशवर (सांध्यातल्या रबरी गादीवर) कडक स्प्रिंग बसवली तर बुश आणखी लवकर जातात आणि मूळ दोष तसाच राहतो, फक्त आता तो कडक गाडीत जाणवतो.

ब्रेकची थरथर आधी घेऊ. ई४६ चा पुढचा लोअर आर्म एल अक्षराच्या आकाराचा असतो. एक बॉल जॉइंट चाकाकडे, दुसरा पुढच्या सबफ्रेमवर (आर्म ज्याला जोडतात त्या छोट्या चौकटीवर), आणि मागचं टोक बॉडीला बोल्ट केलेल्या गोल ब्रॅकेटमध्ये. त्या ब्रॅकेटमधला बुश आतून द्रवाने भरलेला असतो. ब्रेक लावल्यावर चाक मागे ढकललं जातं, तो धक्का हाच बुश झेलतो. तो फुटला की आर्मला पुढेमागे खेळ मिळतो आणि डिस्कमधली किंवा चाकाच्या बॅलन्समधली किरकोळ चूकही स्टिअरिंगवर मोठी होऊन येते. म्हणूनच नव्या डिस्कने फरक पडला नाही. गाडी उचलून ब्रॅकेटखाली पाहा, तेलकट डाग दिसला तर प्रश्नच मिटला. डाग नसला तरी छोट्या पहारीने आर्म पुढेमागे दाबून बघा. रबर दबलं पाहिजे, पण टोक मोकळं हलता कामा नये.

मागची वळवळ हा ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या टोकाला असलेल्या बुशचा ठरलेला आजार. प्रत्येक मागच्या चाकाला एक लांब ट्रेलिंग आर्म आणि दोन आडवे आर्म, अशी या गाडीची रचना आहे. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की चाकावरचा जोर उलटतो. बुश थकलेला असेल तर आर्मचं पुढचं टोक आडवं सरकतं, त्यामुळे चाकाचा टो (वरून पाहिल्यावर चाक आत-बाहेर किती वळलंय तो कोन) बदलतो, आणि टो बदलला म्हणजे मागचं चाक वळलंच. तुम्हाला जाणवतंय ते अगदी खरं आहे. मागचे टायर आतून खाण्यात कारखान्याच्या निगेटिव्ह कॅम्बरचा (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असण्याचा) वाटा आहेच, पण चालताना बदलणारा टो त्यांना फार लवकर संपवतो.

उरलं तोंड बाहेर जाणं. ते बरंचसं कारखान्यानेच मुद्दाम ठेवलंय. पुढे अरुंद टायर, मागे रुंद, आणि पुढे कॅम्बर जेमतेम. सामान्य माणूस घाबरून पाय उचलतो तेव्हा गाडी फिरू नये म्हणून केलेली ही सोय आहे. हे टायर आणि कॅम्बरनेच सुटतं, ते काम नंतरचं.

क्रम असा ठेवा: मागच्या पत्र्याची तपासणी, मग रबर, मग शॉकअप, मग टायर आणि अलाइनमेंट. बार आणि डिफरन्शियल सर्वांत शेवटी, आणि तेव्हाही लागलं तरच.

पत्राकाम

वरच्या उत्तरातला "मागच्या पत्र्याची तपासणी" हा शब्द वाचून पुढे जाऊ नका. ई४६ मध्ये सगळ्यात महागडा दोष तोच आहे, आणि तो फक्त एम३ ला होतो हा समज चुकीचा. ३१८ पासून सगळ्यांना होतो.

मागचा सबफ्रेम चार ठिकाणी बॉडीच्या पत्र्याला अडकवलेला असतो. तिथला पत्रा दोन थरांचा, स्पॉट वेल्डने जोडलेला. गॅस दिला की डिफरन्शियल एका बाजूला पिळतं, सोडला की दुसऱ्या बाजूला. वर्षानुवर्षं हे उलटसुलट ताण घेऊन स्पॉट वेल्ड सुटतात, मग भेग पडते, मग भेग वाढत जाते. चिकट टायर, कडक बुश, लॉकिंग डिफरन्शियल, जे जे तुम्ही पुढे बसवणार त्या प्रत्येकाने हा ताण वाढतोच. म्हणून हे आधी.

तपासायचं कसं? गाडी लिफ्टवर घ्या, मागची चाकं काढा. चारही माउंटच्या भोवतालचं अंडरकोट तारेच्या ब्रशने साफ करा. नुसत्या बॅटरीच्या उजेडात अंडरकोटवर बघून काही कळत नाही, कारण भेग त्याच्या खाली असते. माउंटभोवतीचे केसासारखे बारीक पट्टे शोधा. रांगेत असलेल्या स्पॉट वेल्डच्या गोल खुणांभोवती गंजाचं वर्तुळ दिसलं तर तोही इशारा. चाकाच्या कमानीकडून वर जाणारी बाजूही बघा. चालवताना कमी वेगात गॅस देताना-सोडताना मागून "ठक्" असा आवाज येत असेल तर सबफ्रेम पूर्ण खाली उतरवूनच बघावं.

भेग सापडली तर: सबफ्रेम उतरवायचा, भेगेच्या दोन्ही टोकांना छोटं भोक पाडायचं म्हणजे ती पुढे सरकत नाही, भेग घासून वेल्ड करायची आणि वरून चारही ठिकाणी मजबुतीचे पत्रे वेल्ड करायचे. हे पत्रे तयार कापलेले किट म्हणून मिळतात. भेग नसेल तरी ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला हे पत्रे लावून घ्यावेत, कारण शाबूत पत्र्यावरचं वेल्डिंग नेहमी चांगलं बसतं. फोम भरण्याची किंवा नुसत्या चिकटद्रव्याने पत्रा चिकटवण्याची पद्धतही आहे. भेग पडून गेली असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडा. या गाडीत ती डिकीतच आहे. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली आणि नळ्या जवळूनच जातात, त्यामुळे टाकी उतरवायची की झाकायची हे वेल्डरशी आधी ठरवा. आतला गालिचा आणि आवाज अडवणारा थर पत्र्यापासून दूर करा; तो पेट घेतो आणि धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. काम झालं की झिंक प्रायमर, जोडांवर सीलर आणि पोकळीत वॅक्स. तुमच्याकडच्या मिठात हे चुकवलं तर दोन हिवाळ्यांत नव्या वेल्डपासूनच गंज सुरू होईल.

तिथेच असताना मागच्या शॉकअपचं वरचं माउंट बघा. तेही या गाडीचं दुबळं ठिकाण. रबर फाटलं की शॉकअप पत्र्यावर आपटतो आणि पत्रा वर फुगतो. नवं माउंट बसवताना वरून मजबुतीची चकती घाला. स्वस्त भाग आहे आणि पत्रा वाचवतो.

इसारकाठ

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. लिफ्टवर पाहिलं. पत्रा चारही ठिकाणी स्वच्छ केला, भेग नाही, स्पॉट वेल्डभोवती गंज नाही. पत्रे मात्र लावून घेणार. पुढच्या डाव्या ब्रॅकेटखाली तेलाचा डाग आहे. ट्रेलिंग आर्मच्या बुशमध्ये आतली नळी मध्यावर नाही, एका बाजूला बसलेली दिसते, रबराला चिरा आहेत.

आता प्रश्न: सगळीकडे रबराऐवजी पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक पदार्थाचे) बुश घालावे का? आणि ट्रेलिंग आर्मचा बुश बसवताना "प्रीलोड" म्हणजे नेमकं काय करायचं?

सरळसहा

मागे पॉलियुरेथेन नको. कारण समजून घ्या, म्हणजे पुढे कोणी काही विकायला आलं तर स्वतः ठरवता येईल.

ट्रेलिंग आर्म नुसता वरखाली फिरत नाही. चाक वर जातं तेव्हा दोन आडवे आर्म आपापल्या कमानीत फिरतात आणि ट्रेलिंग आर्मला थोडं पिळतात, थोडं आडवंही ढकलतात. म्हणजे पुढच्या बुशला एकाच वेळी तीन दिशांत हालचाल करावी लागते. रबर ते करू शकतं. घट्ट पॉलियुरेथेन एकाच अक्षावर छान फिरतं, बाकी दिशांत अडतं. मग सस्पेन्शन जाम होतं, चाक खड्ड्यात खाली जात नाही, आणि तो जोर बॉडीच्या पत्र्यावर येतो. 

रस्ता आणि थोडा ट्रॅक अशा वापरासाठी योग्य जोडी म्हणजे नवा रबरी बुश आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लिमिटर, म्हणजे पातळ कडक चकत्या. रबर पिळायला मोकळं राहतं, पण आडवं सरकणं चकत्या थांबवतात. नुसत्या ट्रॅकच्या गाडीला गोलाकार बेअरिंग लावतात. आवाज खूप येतो आणि मिठाच्या चिखलात ते फार टिकत नाही. रबर लेमफर्डरचं घ्या, स्वस्तातल्या नावांवर पैसे वाचवण्याची ही जागा नाही.

आता प्रीलोड. हा बुश फिरणारा नाही. बाहेरचं आवरण आर्मला घट्ट, आतली नळी बोल्टने ब्रॅकेटला घट्ट, आणि मधलं रबर दोन्हीला चिकटलेलं. आर्म हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. चाक हवेत लटकत असताना बोल्ट आवळला तर रबराची सैल अवस्था "चाक खाली" अशी ठरते. मग गाडी जमिनीवर उभी राहिली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. नवे बुश लगेच गेले अशा बहुतेक तक्रारींमागे हीच चूक असते.

करायचं असं. गाडी चार खांबी लिफ्टवर, म्हणजे चाकांवर उभी असतानाच, ब्रॅकेट आणि आर्म दोन्हींवरून जाणारी एक सरळ पांढरी रेघ रंगाने ओढा. हा तुमचा कोन. जुना बुश असला तरी चालेल, कारण रेघ आर्म आणि ब्रॅकेटवर आहे आणि ते दोन्ही तेच राहणार. दुसरी खूण ब्रॅकेट आणि बॉडी यांच्यामध्ये, अणकुचीदार सुईने ओरखडून. ब्रॅकेटची भोकं लांबट असतात, मागचा टो तिथेच जुळवतात. ही खूण नसेल तर अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी वाकडी जाईल.

मग गाडी नीट घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, चाक काढा, हबखाली जॅक. शॉकअपचा खालचा बोल्ट सोडा. ब्रेकचा होज आणि हँडब्रेकची केबल क्लिपमधून मोकळी करा. आर्म खाली ओढताना होजवर ताण येता कामा नये, हे दोनदा बघा. ब्रॅकेटचे बॉडीकडचे तीन बोल्ट सोडले की आर्मचं टोक खाली येतं. जुना बुश कोणत्या बाजूने आणि कसा बसलाय ते मार्करने लिहून ठेवा, मग थ्रेडेड रॉडच्या पुलरने काढा. हातोडीने ठोकून काढू नका, आर्मचं भोक लंबगोल होतं. भोक आतून साफ करून नवा बुश सरळ ओढा. सुरुवातीलाच तिरका गेला तर मागे घेऊन पुन्हा.

ब्रॅकेट आर्मवर, दोन्ही बाजूंना लिमिटर, बोल्ट हाताने. आता पांढरी रेघ जुळवा आणि त्याच कोनात ११० न्यूटन मीटरने आवळा. नंतर ब्रॅकेट बॉडीला ओरखड्याच्या खुणेवर, तीन बोल्ट ७७ न्यूटन मीटर. शॉकअपचा खालचा बोल्ट मात्र हब जॅकने उभ्या गाडीच्या उंचीवर आणून मगच, १०० न्यूटन मीटर. तिथेही रबरच आहे, तोच नियम. उभ्या गाडीची उंची म्हणजे हबच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचं माप. काम सुरू करण्याआधी चारही चाकांची लिहून ठेवा.

पुढच्या लोअर आर्मचा बुश सोपा आहे, पण वेळेचं बंधन आहे. ब्रॅकेट काढून नवा बुश आर्मच्या षटकोनी टोकावर चढवताना साबणाचं पाणीच वापरा. ग्रीस किंवा तेल लावलं तर रबर टोकावर कायम घसरत राहतं. बुशवरची खूण जुळवा, ब्रॅकेट बॉडीला ५९ न्यूटन मीटर, आणि अर्ध्या तासाच्या आत चाक लावून गाडी जमिनीवर ठेवा. साबण वाळला की रबर आहे त्या कोनात पक्कं होतं. त्यामुळे दोन्ही बाजू सुट्या करून मग जेवायला गेलात तर काम पुन्हा.

बॉल जॉइंटला जरासाही खेळ असेल तर नुसता बुश बदलू नका, पूर्ण आर्म घ्या. सबफ्रेमकडच्या बॉल जॉइंटचा नट वरून, इंजिनच्या माउंटजवळ आहे. तिथे सॉकेट शिरत नाही, लांब रिंग पाना लागतो. नट फिरवताना जॉइंटची पिनही सोबत फिरायला लागली तर खालून जॅकने आर्म वर दाबा. पिन आपल्या शंकूत घट्ट बसते आणि नट सुटतो.

कोव्हेंट्रीकर

मागच्या बुशबद्दल पूर्ण सहमत. पुढच्याबद्दल नाही. पुढच्या आर्मचं मागचं टोक जवळपास एकाच अक्षावर फिरतं, म्हणजे पॉलियुरेथेनला जे जमतं तेच काम. ट्रॅकवर ब्रेक लावून वळणात शिरताना द्रवाने भरलेला बुश इतका दबतो की कॅस्टर (बाजूने पाहिल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) आणि टो दोन्ही हलतात. पॉलिमध्ये ते थांबतं आणि स्टिअरिंग फार स्पष्ट होतं.

अट एकच: सोबत आलेलं ग्रीस सढळ हाताने लावायचं आणि साधारण वर्षभराने उघडून पुन्हा. कोरडं पडलं की पार्किंगच्या वेगात करकरतं. इथे ब्रिटनमध्येही मीठ टाकतात, आणि करकर हिवाळ्यानंतरच सुरू होते.

सरळसहा

मुद्दा बरोबर आहे. फरक एवढाच की त्यांची मुख्य तक्रार थरथर आहे आणि द्रवाचा बुश थरथर गिळतो, पॉलि ती हातापर्यंत पोचवतं. बॅलन्स आणि डिस्क अगदी निर्दोष असतील तर पॉलि चालेल. मधला मार्ग म्हणून द्रव नसलेला भरीव रबरी बुश मिळतो, मायले एचडी त्यातला. या गाडीला मी तोच सुचवेन.

आणि ट्यूफचं: पॉलि, कॅम्बर प्लेट (कॅम्बर बदलता येणारं शॉकअपचं वरचं माउंट) असल्या गोष्टी विकत घेण्याआधी तपासनिसाला विचारा. उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगसोबत येणारं टाइलगुटआख्टन (त्या भागाचं तपासणी-प्रमाणपत्र) जपून ठेवा, बसवल्यावर लगेच तपासून नोंद करून घ्या. नोंद नसलेल्या बदलावर विमा अडून बसू शकतो.

शून्यटो

टायर आणि अलाइनमेंटवर लिहितो, कारण तोंड बाहेर जाणं तिथेच सुटणार आहे.

चारही चाकांना एकच माप ठेवा: २२५/४५ आर १७. रिम ८ × १७, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबवर बसणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिमी) ४७, पाच बोल्ट १२० मिमी वर्तुळावर, मधलं भोक ७२.६ मिमी. हे माप कारखान्याने या गाडीला दिलेलंच आहे. हिशेब बघा: तुमच्या पुढच्या रिमची (७.५ इंच, ऑफसेट ४१) बाहेरची कड हबच्या बसण्यापासून ५४.२५ मिमी आहे, आठ इंचीची ५४.६. म्हणजे बाहेर काहीच फरक नाही. आत मात्र १३६ ऐवजी १४८.६ मिमी जाते, साधारण १२ मिमी शॉकअपकडे. कारखान्याच्या शॉकअपला जागा पुरते, जाड कॉइलओव्हरला मोजून बघावं लागतं.

मागे २४५ ऐवजी २२५ केल्याने मागची पकड थोडी कमी होते आणि पुढची तशीच राहते. बाहेर जाणं बरंच कमी होतं. २३१ अश्वशक्तीला मागे २२५ पुरेसे आहेत. वर चारही टायर आलटून-पालटून झिजवता येतात. पण हे बुश बदलल्यावरच करा. वळवळणारी मागची बाजू आणि तिथलीच पकड कमी, ही ओल्या रस्त्यावर वाईट जोडी आहे.

कॅम्बर: पुढे शॉकअपच्या वरच्या माउंटला तीन नट आणि एक जागेवर बसवणारी पिन असते. पिन काढली, तीन नट सैल केले आणि शॉकअपचं डोकं इंजिनकडे ढकललं तर साधारण अर्धा अंश निगेटिव्ह कॅम्बर फुकट मिळतो. दोन्ही बाजू सारख्या, नट २४ न्यूटन मीटर. ट्रॅकसाठी जास्त हवा तर कॅम्बर प्लेट. त्याच वेळी डोमचा (शॉकअपचं डोकं ज्यात बसतं त्या घुमटाचा) वरचा पत्रा सरळ पट्टीने तपासा. खड्ड्यांनी तो वर फुगलेला असेल तर डावा-उजवा कॅम्बर कधीच जुळणार नाही. त्यासाठी मजबुतीच्या चकत्या मिळतात.

अलाइनमेंटला देताना एक गोष्ट आग्रहाने सांगा: ही गाडी वजन ठेवून मोजायची असते. पुढच्या दोन सीटवर ६८-६८ किलो, मागच्या सीटच्या मध्यावर ६८, डिकीत २१ किलो, टाकी भरलेली. रिकामी मोजली की कारखान्याच्या आकड्यांशी केलेली तुलना निरर्थक ठरते. दुकानाला हे करायचं नसेल तर दुसरं दुकान शोधा, किंवा निदान टाकी भरा आणि चालकाच्या सीटवर तुमच्याएवढं वजन ठेवा.

तुमच्या वापराला हे आकडे द्या: पुढे कॅम्बर जमेल तितका, −१°३०′ च्या आसपास, दोन्हीकडे समान. पुढचा एकूण टो-इन ०°०५′ ते ०°१०′. मागे कॅम्बर −१°४५′, एकूण टो-इन ०°१६′. मागचा टो शून्याकडे नेऊ नका. गाडी चपळ वाटते, पण ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना शेपूट डोलतं. क्रम: मागचा कॅम्बर आडव्या खालच्या आर्मच्या एक्सेंट्रिक बोल्टने, मागचा टो ट्रेलिंग आर्मच्या ब्रॅकेटवर, मग पुढचा कॅम्बर, पुढचा टो सर्वांत शेवटी. पुढचा कॅम्बर हलला की टो हलतोच. शेवटी स्टिअरिंग अँगल सेन्सर कॅलिब्रेट करायचा, नाहीतर डीएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा) दिवा लागतो किंवा सरळ रस्त्यावर उगाच ब्रेक ओढतो.

इसारकाठ

टायर आणि रिमचं ठरलं. आता शॉकअप. मूळ स्प्रिंग ठेवू की खाली नेऊ? आणि बार खरंच नको?

सरळसहा

मूळ स्प्रिंग ठेवा, बिल्स्टाइन बी६ घ्या. ३० मिमी खाली नेणाऱ्या स्प्रिंग घ्यायच्याच असतील तर त्यांच्यासोबत आखूड बी८, बी६ नव्हे. पण कूपे सेदानपेक्षा आधीच खाली बसते, आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअपच चाकाला उभा आधार देतो अशी रचना) आहे. गाडी खूप खाली नेली की लोअर आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं. गाडीचं वजन ३० मिमी खाली आलं तरी जिच्याभोवती ती झुकते ती रेषा त्याहून जास्त खाली जाते. परिणाम उलटा: खाली नेलेली गाडी वळणात जास्त झुकते आणि झुकताना कॅम्बरही गमावते. मग त्यावर उपाय म्हणून आणखी कडक स्प्रिंग. शिवाय खाली नेलेली गाडी वळणात बंप स्टॉपवर (शॉकअप पूर्ण दबला की अडवणाऱ्या रबरावर) बसते, पुढचं टोक क्षणात दगड होतं आणि तोंड बाहेर जातं. तुमची पहिली तक्रार परत.

शॉकअप बसवताना वरची माउंट, बेअरिंग आणि धूळ-आवरणं नवी घ्या. बिल्स्टाइनच्या पुढच्या स्ट्रटमध्ये बंप स्टॉप आतच असतो, डब्यातल्या कागदावर खात्री करून जुना बाहेरचा लावू नका. नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) पाचर लावून खाच थोडी रुंद करा, स्ट्रट तळापर्यंत जाऊ द्या, पिंच बोल्ट ८१ न्यूटन मीटर. वरचा नट इम्पॅक्ट गनने फिरवू नका, दांडा गरागरा फिरून आतलं सील खराब होतं.

बारबद्दल: मागचा बार एकटा जाड करू नका. या गाडीत लॉकिंग डिफरन्शियल नाही. मागचा बार कडक केला की वळणात आतलं मागचं चाक हलकं होतं, गॅस देताच ते फिरतं आणि डीएससी ब्रेक ओढून ताकद मारतं. पुढचा जाड बार म्हणजे तोंड आणखी बाहेर जाणार, असं पुस्तकात वाचायला मिळतं. मॅकफर्सनच्या गाडीत नेहमी तसं होत नाही. झुकणं कमी झालं की पुढच्या बाहेरच्या चाकाचा कॅम्बर टिकतो, आणि कॅम्बर कमी असलेल्या गाडीत त्याचा फायदा तोट्याहून मोठा असतो. घ्यायचे तर पुढचा-मागचा जोडीने, मागचा सर्वांत मऊ भोकावर. पण आधी बाकी सगळं करून दोन ट्रॅक डे चालवा. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर झीज दिसली तरच बार किंवा जास्त कॅम्बर.

स्टिअरिंगच्या दांड्यातला रबरी कपलिंगही हाताने दाबून बघा. या वयाला त्याला चिरा पडतात आणि सरळ स्थितीत खेळ येतो. टाय रॉडची बाहेरची-आतली टोकं अलाइनमेंटच्या आधी बदला, नंतर नव्हे.

कोव्हेंट्रीकर

डिफरन्शियलबद्दल: क्वाइफ किंवा वेव्हट्रॅकसारखं गिअरवालं रस्त्यावर शांत चालतं, पण पत्रे वेल्ड केल्याशिवाय घालू नका. मागच्या बाजूचा पिळाचा ताण त्याने नक्की वाढतो.

शून्यटो

ट्रॅक डेच्या दिवशी थंड टायर रोजच्यापेक्षा ०.२ ते ०.३ बार कमी ठेवून निघा. दोन-तीन फेऱ्यांनंतर आत येऊन लगेच मोजा. गरम २.३ ते २.४ बारवर चारही आणा. बाहेर आल्यावर हवा सोडली तर घरी निघताना थंड टायरमध्ये पुन्हा भरायला विसरू नका. खांद्यावर खडूच्या छोट्या रेघा मारा. त्रिकोणी खुणेच्या पलीकडेही खडू पुसला गेला तर हवा कमी किंवा कॅम्बर कमी. व्हील बोल्ट १२० न्यूटन मीटर, पहिल्या सत्रानंतर चाकं गार झाल्यावर पुन्हा तपासा.